गडावर न गेलेली साडी

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

२९ जून, रविवार

आले:
देवीची साडी, हिरवी, अकरा वार, अखंड – १,२४० (ह्यांच्या मिलमधून, कामगार भावात)
खण, बांगड्या, ओटीचं सामान – १८५
नारळ – ३५
बूट, काळे, पुढे आतून लोखंड असलेले, मुलीच्या मापाचे – ७८०

शेवटची वस्तू मी आणलेली नाही. हर्षूने मेंदी काढून जमवलेल्या पैशातून आणली. एकाच दिवशी दोन्ही पिशव्या घरात आल्या, पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या.

साडीसाठी आमचे हे पंधरा दिवस मिलच्या मास्तरच्या मागे होते. मिलमध्ये सगळं सहा मीटरला कापतात. गडावरची देवी केवढी, अठरा हातांची, तिला अकरा वार लागतात आणि जोड चालत नाही. शेवटी ह्यांनी स्वतःच्या पाळीत ताग्यातून न कापता काढून घेतली. रंगही ह्यांच्याच मशीनवरचा. हात लावला तर पाण्यासारखी सरकते.

नवस असा: हर्षू कॉलेजात गेली की देवीला साडी नेसवीन. बारावी सायन्स झाली, बी.एस्सी.च्या यादीत नाव लागलं, इथे सुरतेच्या युनिव्हर्सिटीच्या कॉलेजात. म्हणून साडी आणली.

आणि ही बूट दाखवते. ‘मम्मी, मी आयटीआयला नाव घातलंय. केमिकल प्लांट चालवायचं शिकवतात. दोन वर्षं.’

‘आणि बी.एस्सी.?’

‘ते नको.’

जेवण तसंच राहिलं. वरण संध्याकाळी फोडणी घालून संपवलं.


३ जुलै, गुरुवार

कॉलेजची फी भरायचा शेवटचा दिवस. मी हर्षूला म्हटलं, निदान एकदा युनिव्हर्सिटी बघून तर ये, मग नाही म्हण. गेलो दोघी बसने. केवढी झाडं. मुली वही छातीशी धरून चालतात, घाई नाही कुणाला. लायब्ररीच्या पायऱ्यांवर एक मुलगी वाचता वाचता झोपली होती, कुणी उठवलं नाही तिला. घरात मी कधी दिवसा झोपले तर...

मी बाकावर बसले ते मला उठवेना. हर्षू म्हणाली, ‘चल ना, बस जाईल.’ म्हटलं, जाऊ दे, दुसरी येईल. तिने माझ्याकडे बघितलं. मी बस सोडणारी बाई नाही.

परत येताना समजावून सांगत होती. इथे तीन वर्षं शिकून बाहेर आलं की पुन्हा एम.एस्सी., मग कुठे नोकरी. तिला आत्ता हाताने करायचंय. बारावीत लॅबमध्ये दोनदाच नेलं म्हणे, तेही लांबून दाखवलं.

फी भरली नाही.

हे रात्रपाळीला जाताना म्हणाले, ‘पोर काम शिकी राहिनी ना, मंग आखो काय जोयजे?’ आणखी काय पाहिजे म्हणे! ह्यांना काय. ह्यांना शाळेच्या वासानेच झोप यायची.


१४ जुलै, सोमवार

आयटीआयचा पहिला दिवस. सोबत गेले. नको म्हणत होती.

मोठी शेड, तेलाचा वास. पाइप, चाकं, टाक्या, सगळं उघडून ठेवलेलं, जसं भांडी घासायला काढावीत. निळ्या कपड्यांतली मुलं. मुली चारच. शिकवणारी बाई गुजराती, साडीवर निळा कोट, आवाज खणखणीत. मुलांना सांगत होती, ‘अहीं भूल करो तो चाले, प्लान्टमां नहीं चाले. एटले जेटली भूल करवी होय, अहीं करी लो!’ मुलं हसली.

मला ते वाक्य आवडलं. घरी येईपर्यंत मनात होतं. चूक करायला जागा दिली आहे, असं मी कुठे ऐकलं नव्हतं.

पण मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं, ह्याला कॉलेज म्हणायचं का. ‘बेन, आने कॉलेज कहेवाय?’ बाई म्हणाल्या, ‘संस्था कहेवाय, माजी.’ मागची मुलं फिदीफिदी. हर्षूचे कान लाल झाले.

घरी येताना ती पुढे, मी मागे.


२७ जुलै, रविवार

साडीत कडुनिंबाची पानं घालून पेटीत तळाशी ठेवली.

ह. ने पाहिलं. ‘आत का ठेवतेस? गडावर कधी जायचं?’

भाजी चिरत होते. तोंडातून गेलं, ‘अजून कॉलेजात कुठे गेलीस?’

ती बूट पॉलिश करत होती, ते करत राहिली. मग हळूच, ‘म्हणजे देवीच्या लेखी मी अजून घरीच बसलेय?’

मी म्हटलं, तसं नाही गं. पण तसंच होतं. आई भगवती, तुला शब्द दिलाय तर खोटं कसं बोलू? बोलले कॉलेज. हे कॉलेज नाही, त्यांची बाईच सांगते.


३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसल्या, आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. शेजारच्या गल्लीतही तीन घरी. सगळी सुरत विसरून आम्ही धुळे जिल्ह्यात.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काल काढले. घरच्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ह्यांची, दिरांची, दिरांच्या मुलाची. हर्षू परातीशी बसलेली. ‘आणि माझी?’

‘पोरींची नसते. पोरी दुसऱ्या घरच्या.’

‘इथे पण नाही का मी,’ म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

ह्यांनी काही न बोलता पिंपात हात घातला आणि आणखी एक मूठ परातीत टाकली. मी दचकले. अहो, असं चालत नाही!

‘हाई मनी जास्तीनी भूक शे,’ म्हणाले, म्हणजे ती मूठही ह्यांच्याच भुकेची, आणि बाहेर गेले.

संध्याकाळी गावी सासूबाईंना फोन. रोटाचं सांगितलं नाही. नवसाचं विचारलं. म्हटलं, आयटीआय धरायचं का कॉलेजात? त्या खो खो हसल्या. ‘माय वं, देवी काय कागद वाचस का? पोर शिकी राहिनी, बस. फेडी टाक.’

त्या दोन इयत्ता शिकलेल्या. त्यांना सगळं सोपं.


२४ ऑगस्ट, रविवार

समोरच्या जशुबेनचा कल्पेश आला होता. तो युनिव्हर्सिटीत केमिकल इंजिनिअरिंग करतो, तिसरं वर्ष. जशुबेन येता जाता ऐकवतात, ‘अमारो कल्पेश तो एन्जिनियर, तमारी हर्षा कारीगर.’ मनाने वाईट नाहीत, जीभ तशी आहे.

ओट्यावर दोघांचं चाललेलं. हर्षू सांगत होती, पंप चालू करायच्या आधी आत पाणी भरून हवा काढायची, नाहीतर तो खडखडतो, आवाजावरून कळतं. कल्पेश म्हणाला, ‘मी कधी ऐकला नाही तो आवाज. परीक्षेत दहा मार्कांना लिहिला मात्र.’ मग ती म्हणाली, पण हवेने असं का होतं ते सांग. त्याने माझ्या किराण्याच्या यादीमागे चित्र काढून समजावलं. ती एवढी टक लावून बघत होती. मध्येच म्हणे, ‘थांब, पुन्हा सांग.’

मी चहा टाकला. वाटलं, ह्याला ‘का’ शिकवलं, हिला ‘कसं’. एकाच पंपाचं अर्धं अर्धं करून दोन घरी वाटलं. असं कुणी वाटलं असेल?

कल्पेश म्हणाला, आयटीआयनंतर थांबायचं नाही. सी टू डी असतं, म्हणजे सर्टिफिकेटवरून डिप्लोमा. मग डी टू डी, डिप्लोमावरून डिग्री. मी पटकन विचारलं, डिग्री म्हणजे युनिव्हर्सिटीचीच ना?

हर्षूने कप ठेवला. ‘बघ, लगेच तुझे डोळे चमकले.’


१४ सप्टेंबर, रविवार

आज घरात झालं ते लिहू की नको.

दुपारी ह. पुन्हा म्हणाली, देवीची साडी वाळवी खाईल. मी म्हटलं, तुझी डिग्री होईपर्यंत टिकेल. ती म्हणाली, ‘पण माझ्यासाठी असा नवस करायला तुला सांगितलं कुणी?’

हे पेपर वाचत होते. मान वर न करता, ‘तुनासाठी कोठे? हाऊ नवस तर आमना लगीनना पहिलेना शे.’

मग सगळं बाहेर आलं. दहावीला मी पास झाले, शाळेत मुलींत दुसरी. गावातून एस.टी. जायची तालुक्याला, कॉलेजच्या दारात थांबायची. त्या चैत्रात आईबरोबर गडावर गेले आणि देवीला म्हटलं, मला कॉलेजात जाऊ दे, साडी नेसवीन. आषाढात लग्न ठरलं. सुरतेचा मुलगा, मिलमध्ये पर्मनंट. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, असं स्थळ पुन्हा येत नाही. ते काही खोटं नव्हतं. माणूस चांगला मिळाला.

पण तो शब्द तसाच राहिला. मग हर्षू झाली तेव्हा मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, माझं नाही तर हिचं.

ह. ऐकत होती. मला वाटलं जवळ येईल. ती म्हणाली, ‘मग देवीला सरळ सांग ना, माझं झालं नाही म्हणून. माझ्या नावावर कशाला चढवलंस?’

आणि बूट घालून बाहेर गेली. रविवारी कुणी ते बूट घालतं का.


२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. नऊ दिवस फराळ, राजगिरा आणि दूध. खर्च वाढत नाही उपासाने, लोक उगीच म्हणतात.

हर्षूने मातीच्या परडीत धान्य पेरलं, दरवर्षी तीच पेरते. माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘मम्मी, पाणी.’ ‘मम्मी, किल्ली.’

आयटीआयच्या बाईंनी सांगितलंय, दिवाळीनंतर बॅचमधल्या काही जणांना दहेज गावातल्या केमिकल कारखान्यात पाठवणार. राहून शिकायचं, मार्चअखेरपर्यंत. हिचं नाव आहे. मुलींत हिचं एकटीचं.

आरती करताना मी देवीकडे काही मागितलं नाही. काय मागू, कुठला शब्द वापरू?


३ नोव्हेंबर, सोमवार

गेली.

दिलं ते: शेव, शंकरपाळे, कळण्याचं पीठ (भाकरी करता येईल की नाही देव जाणे), लोणचं, दोन चादरी, तुळशीची माळ. माळ परत काढून ठेवली. ‘आत धातू, धागा, काही चालत नाही गळ्यात. मशीनमध्ये ओढतं.’

उधना स्टेशनात हे बॅग घेऊन पुढे. गाडी हलली तेव्हा तिने हात केला, दोघांना मिळून एक.

घरी आल्यावर चारच्या सुमारास दूध तापवलं, तिचा कप काढला, परत ठेवला.


२३ नोव्हेंबर, रविवार

फोन गेटवरच जमा करतात. ठिणगी नको म्हणून. सुटल्यावर मिळतो, तोवर ती दमलेली. ‘हो गं. बरं गं. जेवले गं.’ झालं.

आज जरा बोलली. तिथे डिग्रीवाले शिकाऊ वेगळे, आयटीआयवाले वेगळे. त्यांचं हेल्मेट पांढरं, ह्यांचं पिवळं. जेवायला टेबलंही आपोआप वेगळी होतात, कुणी सांगितलेलं नाही. पांढऱ्यांना अख्ख्या प्लांटचा नकाशा देतात, पिवळ्यांना आपापला व्हॉल्व्ह. ‘मी विचारलं, माझ्या व्हॉल्व्हच्या पुढे हा पाइप जातो कुठे? तर म्हणाले, तुला काय करायचंय?’

म्हणाली, खोलीतली रिद्धी पांढऱ्या हेल्मेटची आहे. ती रोज नकाशा दाखवते हळूहळू. आणि तिला पाइपचा जोड उघडायची भीती वाटते, तर हर्षू तिचा हात धरून शिकवते.

मी ऐकत होते. म्हणायचं होतं, बाळा, छान. पण मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यात काय होतं ते पोरीला कळलं.

‘खूश झालीस ना? तुझंच खरं निघालं.’

ठेवला फोन.

माझंच खरं निघालं.


७ डिसेंबर, रविवार

फोन नाही. ह्यांना येतो, मिलमध्ये असताना. मला कळू नये अशा वेळी.

जशुबेन मेथीचे ढेबरे देऊन गेल्या. ‘हर्षा वगर घर खाली लागे छे, नहीं?’ मी हो म्हटलं. त्या बसल्याच जरा वेळ. कल्पेशची पण रड आहे, शिकून होईल पण कारखाना आतून बघितलेला नाही, मुलाखतीत हेच विचारतात म्हणे. ‘आ बंनेने भेगा करीने एक छोकरो बनाववो जोईए!’ दोघांना एकत्र करून एक मुलगा! दोघींनी हसून घेतलं. मी म्हटलं, छोकरो कशाला, छोकरीच बनवू.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पतंगांनी आभाळ भरलंय, गच्चीवर ‘काप्यो छे’चा गोंगाट. हर्षूचा मांजा तसाच फिरकीला गुंडाळलेला. सुट्टी एकच दिवस म्हणून आली नाही.

तिळगूळ पोस्टाने पाठवला होता. मिळाला की नाही कळवलं नाही.


८ फेब्रुवारी, रविवार

हे दहेजला जाऊन आले. मी निघाले नाही. तिने बोलावलं नव्हतं.

आल्या आल्या पाणी दिलं, मग विचारलं, कशी आहे? म्हणाले, ‘वळखूच नई उनी.’ गेटबाहेर उभे होते. पाळी सुटली, निळे कपडे, पिवळी टोपडी, सगळे एकसारखे. एक जण सरळ ह्यांच्याकडे चालत आला, टोपडं काढलं तर आतून वेणी पडली. हे सांगताना दोनदा थांबले. पुन्हा सांगा म्हटलं तर पुन्हा सांगितलं.

हात कडक झालेत तिचे म्हणे. दुकानात चहाचे पैसे तिने दिले, ह्यांना देऊ दिले नाहीत. सी टू डीचं बघतेय. तिला त्या पाइपच्या पुढचं शिकायचंच आहे. पण म्हणाली, ‘मला हवंय म्हणून. मम्मीच्या पेटीसाठी नाही.’

आणि निरोप: ‘साडी कुणाला तरी देऊन टाक म्हणावं.’

कुणाला देऊ? अकरा वार. माणसाच्या अंगाला होत नाही ती. कापली तर देवीची राहत नाही.

पेटी उघडून पाहिली. पानं वाळून चुरा झालीत, रंग आहे तसा. ह्यांचा रंग उडत नाही, मिलमध्ये म्हणतातच.


१ मार्च, रविवार

गल्लीतले लोक चैत्राची बोलणी करतायत. सापुताऱ्यावरून पायी गडावर. मला विचारलं, येणार का? सांगते म्हटलं.

पोथी वाचताना मन लागलं नाही. एक विचार आला तो आला. मी देवीला कॉलेज म्हटलं, कारण एस.टी.च्या पाटीवर तेच नाव होतं. दुसरं काही असतं हे मला कुठे माहीत? मला उंबऱ्याबाहेर जाऊन शिकायचं होतं. आयटीआय ऐकलं असतं तर तेच म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. खोटं कशाला लिहू. मला ती झाडं हवी होती, तो बाक. अजूनही हवा आहे.

मग हे माझं. तिचं वेगळं आहे. दोन गाठोडी एकत्र बांधली मी.


१५ मार्च, रविवार

हर्षूला पत्र लिहिलं. फोनवर ती ‘हो गं’ करून ठेवेल, कागद तरी वाचावा लागेल. उद्या पोस्टात टाकीन. इथे उतरवून ठेवते.

‘चि. हर्षदा हिस अनेक आशीर्वाद.

सोबत रजिस्टरने लाडू आणि एक टॉवेल पाठवते. लाडू रिद्धीलाही दे. टेबल कुठलंही असो.

तू फोनवर विचारलंस ना, खूश झालीस का. नाही झाले. तुझ्या व्हॉल्व्हच्या पुढे पाइप कुठे जातो ते तुला कुणी सांगत नाही हे ऐकून मला माझी एस.टी. आठवली. ती कॉलेजच्या दारात थांबायची आणि मी बाजाराच्या थांब्यावर उतरायचे. एवढंच मला म्हणायचं होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

नवस माझा होता. तुला न विचारता तुझ्या नावावर चढवला. तो मी उतरवून घेते. माझं जे झालं नाही ते मी आणि देवी बघून घेऊ, त्यात तू येत नाहीस.

आता राहिली साडी. चैत्रात गल्लीतले लोक गडावर निघतायत, मी जायचं म्हणते. रिकाम्या हाताने जावंसं वाटत नाही. तुला चालत असेल तर तुझ्या नावाने नेसवीन. नवस म्हणून नाही. मुलगी शिकते आहे म्हणून. देवीने विचारलं, कुठे शिकते, तर मी काय सांगू? तू जो शब्द देशील तोच सांगीन, माझा वापरणार नाही. आणि तुला नको असेल तर साडी पेटीत राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही.

तुला वेळ नसतो. म्हणून पाकीट घातलंय सोबत, पत्ता लिहून, तिकीट लावून. आत कोरा कागद आहे. दोन ओळी पुरे. लोक पाडव्यानंतर आठवड्याने निघतील.

उलट टपाली कळव.

तुझी मम्मी’